नेपरविलमधली हायस्कुलं: अभ्यास, मैदान आणि पी.ई.चा तास

निळी_छत्री
शिकागोला बदलीवर येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून सारखा एकच प्रश्न येतो. मूल नववीत जाणार आहे, नेपरविलमध्ये घर बघतोय, कुठली शाळा चांगली? मग रँकिंगची एखादी यादी निघते, दोन शाळांमधल्या पाच-सात क्रमांकांच्या फरकावर खल होतो आणि घर ठरतं. माझी दोन्ही मुलं इथेच शिकली. त्यांच्या शाळेबद्दल मला जे सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते कुठल्याच यादीत नसतं, म्हणून हा धागा.

आधी भूगोल. नेपरविल शिकागोच्या पश्चिमेला साधारण ४५ किलोमीटरवर. २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती दीड लाखाच्या किंचित खाली. एकेकाळी शेतांनी वेढलेलं हे गाव १९६० च्या दशकात बेल लॅब्ज आल्यावर झपाट्याने वाढलं, मागोमाग अमोकोचं संशोधन केंद्र आलं. आर्गोन आणि फर्मीलॅब या राष्ट्रीय प्रयोगशाळाही जवळच आहेत. त्यामुळे शिकलेल्या आईबापांची वस्ती इथे पहिल्यापासून दाट. गावात दोन मोठे शाळा-डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारे विभाग) आहेत, क्रमांक २०३ आणि २०४. २०३ मध्ये नेपरविल सेंट्रल आणि नेपरविल नॉर्थ. २०४ मध्ये वाबॉन्सी व्हॅली, नीक्वा व्हॅली आणि २००९ मध्ये सुरू झालेली मटीया व्हॅली. सगळ्या सरकारी. खर्च मुख्यतः घरपट्टीतून भागतो आणि प्रवेश घराच्या पत्त्यावरून मिळतो. मात्र पत्त्यात नेपरविल लिहिलंय म्हणून शाळा याच दोनपैकी एका डिस्ट्रिक्टची असेल असं धरून चालू नका. दक्षिणेकडचा काही भाग प्लेनफिल्डच्या शाळांकडे जातो. उलट २०४ मध्ये ऑरोराची बरीच घरं येतात. भाड्याच्या करारावर सही करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून बघा.

आता मुख्य मुद्दा. १९९० च्या सुमाराला फिल लॉलर नावाचे पी.ई.चे, म्हणजे शारीरिक शिक्षणाचे, शिक्षक इथल्या मॅडिसन ज्युनिअर हायमध्ये होते. अमेरिकन मुलांची तब्येत ढासळत चालल्याच्या बातम्या ते वाचत होते आणि आपल्याच तासाला अर्धी मुलं रांगेत उभी राहून पाळीची वाट बघतात हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आठवड्यातून एकदा सगळ्यांना एक मैल पळायला लावायला सुरुवात केली. पुढे हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे आले. सहावीतली एक मुलगी पळण्यात मागे पडायची. तिला पट्टा लावला तर ठोक्यांची सरासरी निघाली मिनिटाला १८७! म्हणजे ती जिवाच्या आकांताने पळत होती आणि घड्याळाकडे बघणाऱ्या शिक्षकाला ती कामचुकार वाटली असती. तिथून गुण देण्याची पद्धतच बदलली. कोण किती जोरात पळतो याला महत्त्व उरलं नाही, स्वतःच्या ठोक्यांच्या ठरावीक टप्प्यात मूल किती मिनिटं राहिलं ते मोजलं जाऊ लागलं.

हीच पद्धत नेपरविल सेंट्रलमध्ये पॉल झिएंटार्स्की यांनी नेली. ते तिथे पी.ई. विभागाचे प्रमुख होते, शिवाय अमेरिकन फुटबॉलचे कोच. डोक्यात फक्त संघ आणि चषक असता तरी कुणी नावं ठेवली नसती, पण त्यांनी लक्ष दिलं ते संघात कधीच न जाणाऱ्या मुलांकडे. चढाईची भिंत आली, ट्रेडमिल आल्या. बुजऱ्या मुलांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून स्क्वेअर डान्ससुद्धा अभ्यासक्रमात आला. मग 'झीरो अवर': शाळा भरण्याआधी, सकाळी सातच्या सुमाराला, वाचनात मागे असलेली काही मुलं स्वखुशीने पळायला यायची आणि घाम पुसून वाचनाच्या तासाला बसायची. सत्राच्या शेवटी त्यांच्या वाचन-आकलनात १७ टक्के सुधारणा दिसली, पहाटे न येता नेहमीचाच पी.ई. करणाऱ्यांच्यात १०.७ टक्के. यातूनच पुढे 'लर्निंग रेडिनेस पी.ई.' हा कायमचा तास झाला. समुपदेशक मुलांना सांगू लागले की जो विषय सर्वांत जड जातो तो पी.ई.च्या लगेच नंतर घ्या. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन रेटी यांनी २००८ मध्ये यावर लिहिलं आणि मग जगभरातून लोक हे व्यायामगृह बघायला येऊ लागले.

आपल्या लोकांना मात्र हा इतिहास ठाऊक नसतो. इथे येऊन आपण पहिलं काय विचारतो? "पी.ई.मधून सूट कशी मिळेल? त्या जागी एक एपी (कॉलेजच्या पातळीचा विषय) बसवता येईल."

कोकणकडा
फार उपयोगी. आम्ही पुण्याहून जूनअखेर येतोय, लेक नववीत जाईल. एक सांगा, पी.ई. तिथे खरंच रोज असतो? तिच्या इथल्या शाळेत पी.टी.चा तास वेळापत्रकात आहे, पण चाचणी जवळ आली की गणिताचे सर तोच घेतात. त्यामुळे हे वाचताना अजून विश्वास बसत नाहीये.

निळी_छत्री
कोकणकडा, इलिनॉयमध्ये बालवाडीपासून बारावीपर्यंत रोज पी.ई. सक्तीचा होता. असं करणारं देशातलं हे एकमेव राज्य, कित्येक वर्षं. २०१७ च्या कायद्याने ती सक्ती आठवड्यातून किमान तीन दिवसांवर आली. त्याच्यावर किती ठेवायचं हे डिस्ट्रिक्ट ठरवतं. सूटही आहे: अकरावी-बारावीत शाळेच्या संघातून खेळणाऱ्यांना, मार्चिंग बँडवाल्यांना, आणि कॉलेज प्रवेशासाठी लागणारा विषय बसतच नसेल तर त्यासाठी. या शेवटच्या कलमाच्या नावाखाली आपले पालक सगळ्यात जास्त अर्ज करतात. गरज असेल तर जरूर करा. पण ज्या मुलाला मैदानाची ओढ नाही त्याचा दिवसभरातला घाम गाळायचा एकमेव तास आपण काढून घेतोय, हे लक्षात ठेवून करा.

गणिताचे_मास्तर
लेख मनापासून लिहिलाय, पण एका जागी सावध करतो, कारण हे सगळं व्हॉट्सॅपवर "पळा आणि सिंगापूरला हरवा" अशा थाटात फिरत असतं.

१९९९ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय परीक्षेत नेपरविल २०३ ची आठवीची मुलं स्वतंत्र देशासारखी उतरली होती. विज्ञानात त्यांची सरासरी ५८४, तैवान ५६९, सिंगापूर ५६८. म्हणजे जगात पहिली. गणितात ५६९, जपानच्या लगेच खाली, सहावी. अख्खी अमेरिका तेव्हा विज्ञानात अठरावी आणि गणितात एकोणिसावी होती. निकाल खरा आहे आणि थक्क करणारा आहे. निवडक मुलं बसवली होती असंही नाही, जवळजवळ सगळा वर्ग बसला होता.

पण त्याच फेरीत १३ राज्यं आणि १४ डिस्ट्रिक्ट किंवा त्यांचे गट उतरले होते. शिकागोच्या उत्तरेच्या उपनगरांचा एक गटही होता. नेपरविलसारखा पी.ई. नसताना त्या मुलांनीही उत्तम गुण मिळवले. शिकागो, मायामी, रोचेस्टर ही मोठी शहरं फार खाली राहिली. आईबापांचं शिक्षण, घरातलं उत्पन्न, शिक्षकांचा पगार, विज्ञानाच्या प्रयोगशाळा, हे सगळं एका बाजूला होतं. गावात बेल लॅब्जचे इंजिनिअर राहत असताना श्रेय ट्रेडमिलला देता येणार नाही. आणि १७ विरुद्ध १०.७ हा आकडा एका शाळेतल्या मोजक्या मुलांचा, त्यातही पहाटे स्वतःहून उठून येणाऱ्यांचा. अशी मुलं आधीच थोडी जिद्दीची असणार.

निळी_छत्री
मास्तर, टिम्सबद्दल शंभर टक्के मान्य, म्हणूनच वर तो निकाल लिहिला नव्हता. पण पळण्याने मुलं जगात पहिली येतात हा माझा दावाच नाही. चांगल्या निकालांच्या गावात, जिथे पी.ई. कापून आणखी एक गणिताचा तास घातला असता तरी पालकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या, तिथे शिक्षकांनी उलट केलं आणि निकाल खाली आले नाहीत. जे पालक "खेळात वेळ गेला तर अभ्यास बुडेल" म्हणतात त्यांच्यासाठी एवढं पुरेसं आहे. व्यायामानंतर मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, लक्ष टिकतं, हे तर नेपरविलच्या बाहेरही अनेकांनी मोजलंय.

पश्चिमवारा
मास्तर आणि छत्रीताई, दोघांशी सहमत. मी मैदानाकडून लिहितो. लेक चार वर्षं क्रॉस कंट्री (मैदानाबाहेर, गवता-मातीवरची लांब शर्यत) पळाली आणि राज्य पातळीवर एकदाही गेली नाही. तरी तिच्या हायस्कूलचा सगळ्यात चांगला भाग तोच.

नवीन पालकांनी एक फरक समजून घ्यावा. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर यांत निवडचाचणी असते आणि एवढ्या मोठ्या शाळांमध्ये चांगली मुलंही गळतात. लहानपणापासून क्लबमध्ये खेळलेल्यांशी गाठ असते. क्रॉस कंट्री आणि ट्रॅकमध्ये सहसा कुणालाच काढत नाहीत. यायचं, सराव करायचा, गणवेश मिळतो. जवळच एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलमध्ये जो न्यूटन नावाचे कोच होते. त्यांच्या संघात दीड-दोनशे मुलं असायची, कुणालाही नकार नाही, आणि त्यांनी राज्याची २८ विजेतेपदं मिळवली. २०१७ मध्ये ते गेले. या भागातल्या पळण्याच्या संस्कृतीवर त्यांची छाप आहे. इथल्या नीक्वा व्हॅलीची मुलं २००७ मध्ये नाइकेची राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा जिंकली, तेव्हा त्या संघात ख्रिस डेरिक होता, जो पुढे स्टॅनफर्डकडून पळाला. राज्याची अंतिम शर्यत पिओरियाच्या डेटवायलर पार्कमध्ये होते, तीन मैलांची. आपलं मूल पळत नसलं तरी एकदा बघून या. गवतावर शेकडो मुलं एकदम सुटतात तेव्हा पोटात गोळा येतो.

आता अभ्यास बुडण्याच्या भीतीबद्दल. राज्याची खेळ संघटना, आय.एच.एस.ए., हिचा नियमच आहे की खेळाडू आठवड्याला २५ क्रेडिट तासांच्या, म्हणजे साधारण पाच विषयांच्या, अभ्यासात उत्तीर्ण असला पाहिजे. हे दर आठवड्याला तपासतात. नापास असाल तर त्या आठवड्यात सामना नाही, कितीही मोठे खेळाडू असा. आमच्याकडे गुणांवरून कटकट करायची वेळ आली नाही, कोचच विचारायचे.

आणि हीच संघटना बुद्धिबळ, वादविवाद, वक्तृत्व, प्रश्नमंजूषा, संगीत यांच्याही राज्यस्पर्धा भरवते. शाळेच्या काचेच्या कपाटात बुद्धिबळाचा चषक फुटबॉलच्या शेजारी ठेवलेला असतो.

रानजाई
बास्केटबॉलपटू कँडेस पार्करचं नाव अजून कसं आलं नाही! नेपरविल सेंट्रलचीच ती. २००१ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिने शाळेच्या सामन्यात डंक केला, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये घातला. २००३ आणि २००४ अशी सलग दोन वर्षं संघ राज्यविजेता. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता, तरी परत येऊन ते दुसरं विजेतेपद घेतलं. त्याच वर्षी मॅकडॉनल्ड्स ऑल-अमेरिकनच्या डंक स्पर्धेत मुलांना हरवून जिंकणारी ती पहिली मुलगी. पुढे ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं, आणि डब्ल्यू.एन.बी.ए.ची (महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलची) विजेतेपदं तीन वेगवेगळ्या संघांकडून, त्यातलं एक आपल्या शिकागो स्कायकडून, २०२१ मध्ये. थोरला भाऊ अँथनी पार्करही सेंट्रलचा, तो एन.बी.ए.त खेळला.

माझी मुलगी तिचं पोस्टर खोलीत लावून मोठी झाली. सरकारी शाळेच्या त्याच जिममध्ये आपणही पी.ई. करतो, याचा तिला केवढा अभिमान!

फुटबॉलमध्ये सेंट्रलने २०१३ चं ८ए (सगळ्यात मोठ्या शाळांच्या गटाचं) राज्य विजेतेपद लोयोला अकादमीविरुद्ध १३-१० असं जिंकलं. सेंट्रल विरुद्ध नॉर्थ सामन्याला अख्खं गाव लोटतं. नवीन आलेल्यांनी नियम कळत नसले तरी जावं, शेजाऱ्यांशी ओळखी तिथेच होतात.

साबुदाणा
मी अभ्यासाचं थोडक्यात लिहिते, कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. प्रत्येक विषय साधारण तीन पातळ्यांवर असतो: नेहमीचा, ऑनर्स आणि एपी. एकाच मुलाला गणित एपी आणि इंग्रजी साधं घेता येतं. आपल्याकडच्यासारखी अ तुकडी-ब तुकडी नाही. एपी परीक्षेत ३ किंवा जास्त मिळाले तर इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांना क्रेडिट द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. अर्बाना-शँपेनच्या इलिनॉय विद्यापीठात जाणाऱ्यांचा खर्च यात खरंच वाचतो. अकरावीची राज्य परीक्षा २०२५ पासून एस.ए.टी.ऐवजी ए.सी.टी. झाली (दोन्ही कॉलेज प्रवेशासाठी चालणाऱ्या परीक्षा). राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी पी.एस.ए.टी. अकरावीच्या ऑक्टोबरात धरली जाते. शिवाय राज्यघटनेची परीक्षा पास झाल्याशिवाय डिप्लोमा नाही. आणि गाडी चालवण्याचा कोर्स शाळेतच असतो.

ज्यांना फक्त गणित-विज्ञानच हवंय त्यांच्यासाठी ऑरोरामध्ये इम्सा आहे, राज्य सरकारची निवासी शाळा, दहावीपासून. प्रवेश स्पर्धेतून. नॉर्थचा रोबॉटिक्स संघही चांगला आहे. संगीताचा ओढा असेल तर नीक्वा बघा, ग्रॅमी फाउंडेशनने त्यांच्या संगीत विभागाचा राष्ट्रीय पातळीवर गौरव केलाय.

मावळतीचा_प्रवासी
सगळं वाचलं. एक बाजू राहिली. २०१७ मध्ये नॉर्थच्या एका विद्यार्थिनीने डिस्ट्रिक्टला जाहीर निवेदन दिलं होतं. यश म्हणजे गुण, एपी आणि नामांकित कॉलेज एवढंच धरू नका, प्रत्येकाला वेगळी वाट असू द्या, असा त्याचा आशय होता. गावात त्यावर खूप चर्चा झाली. सोळा वर्षांच्या पोरीला हे लिहावंसं वाटलं यातच सगळं आलं.

आमच्या मुलाने अकरावीत एकदम पाच एपी घेतले. कुणी सांगितलं नव्हतं, मित्रांनी घेतले म्हणून. डिसेंबरपर्यंत झोप चार तासांवर आली. आम्ही दोन विषय कमी करायला लावले तेव्हा तो रडला, आपण मागे पडणार म्हणून. त्याच सुमाराला संध्याकाळी टेनिसला पाठवणं मात्र आम्ही बंद केलं नाही. छत्रीताईंचं म्हणणं मला म्हणूनच पटतं. या गावात अभ्यासाचा रेटा आपोआप येतो, तो घालायला पालक लागत नाहीत. पालक लागतात ते झोप, खेळ आणि जेवणाचं टेबल राखायला.

गणिताचे_मास्तर
प्रवासी, हा प्रतिसाद प्रत्येक नव्या पालकाने वाचावा. मी शनिवारी गणित शिकवतो. मार्चमध्ये माझ्याकडे येणारी दमलेली मुलं बहुतेक वेळा हुशारच असतात. त्यांना आणखी उदाहरणं घालून काही होत नाही.

कोकणकडा
सर्वांचे आभार. आता व्यवहाराचं विचारतो. मुलगी इथे बॅडमिंटन खेळते, जिल्हा पातळीपर्यंत. तिथे शाळेत आहे का? आणि जूनअखेर येतोय म्हणजे उशीर तर नाही ना?

पश्चिमवारा
उशीर अजिबात नाही. मुलींचं बॅडमिंटन आय.एच.एस.ए.च्या यादीत आहे, हंगाम वसंतातला, त्यामुळे हातात वेळ आहे. त्या आधी तिला क्रॉस कंट्रीला घाला. सराव ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधी सुरू होतो, म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात शिरताना वीस-तीस ओळखीचे चेहरे असतील. बॅडमिंटनसाठी पायही तयार होतील.

निळी_छत्री
कागदपत्रांचं सांगते. नववीला इलिनॉयच्या नमुन्यात डॉक्टरची शारीरिक तपासणी लागते आणि लसींच्या तारखा लागतात. भारतातलं लसीकरणाचं कार्ड मूळ प्रत हातसामानात ठेवा. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस) झाली नसेल तर इथे येऊन द्यावी लागेल. राज्यात पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्यांना डोळ्यांची तपासणीही लागते. खेळासाठीचा तपासणी-दाखला ३९५ दिवस चालतो, त्यामुळे जुलैत एकदाच नीट करून घेतलात तर वसंतातल्या बॅडमिंटनलाही तोच पुरेल. डॉक्टरांच्या वेळा जुलैअखेरीस मिळत नाहीत, तिकीट पक्कं झालं की फोन करून नंबर लावा. विषय निवडताना समुपदेशकाला सांगा की पी.ई. सकाळी हवा आणि त्याच्या पुढच्या तासाला गणित. दर वेळी जमतंच असं नाही, पण विचारलं तर बघतात.